काळ्या चबुतऱ्यासमोरच्या तलवारी

टीव्हीवर रोमन ग्लॅडिएटरांची मालिका लागली की आम्ही हळहळतो : काय क्रूर लोक, माणसं मरताना पाहायला जमायचे! तशी गर्दी आपल्या अहमदनगरातही जमत असे, हे मात्र आम्हाला आठवत नाही. निजामशाही म्हटले की आम्ही चांदबीबी आणि मलिक अंबर यांच्यापाशीच थांबतो.

याच शहरात वाढलेल्या आणि 1589 मध्ये विजापूरला गेलेल्या फरिश्त्याने आपल्या फारसी इतिहासात ही हकीकत लिहून ठेवली आहे. 1490 मध्ये बहमनींपासून स्वतंत्र झालेला अहमद निजामशाह त्याच्या लेखी सज्जन सुलतान. परस्त्रीवर नजर पडू नये म्हणून स्वारीत इकडेतिकडे न पाहणारा. पण तलवारबाजीचा भारी शौकीन. सुलतानाला आवडते म्हटल्यावर गल्लोगल्ली तालमी निघाल्या. मदरशांपेक्षा तिथेच पोरांची गर्दी. सरस कोण, हा वाद मिटेना, तेव्हा सुलतान म्हणाला, माझ्यासमोर लढा. ज्याचा पहिला वार बसेल तो जिंकला. या द्वंद्वाला ‘यकंगी’ म्हणत.

रोज दोन-तीन मुडदे दिवाणखान्यातून निघू लागले, तेव्हा सुलतानाला ते पाहवेना. त्याने बंदी घातली असती तर? त्याने फक्त जागा बदलली. किल्ल्याजवळ काळ्या चबुतऱ्यासमोरच्या मैदानात लढा, मध्ये कोणी पडू नये, आणि जो मरेल त्याचा किसास मागता येणार नाही!

आम्हाला खरी बोच इथे आहे. किसास हा मयताच्या वारसांचा हक्क. तो सोडायचा तर त्यांनीच सोडायचा. इथे तो एका हुकुमाने गेला. रोमच्या आखाड्यात बहुतेक गुलाम आणि कैदी उतरवले जात. आपल्याकडे अमीरांची मुले, शेख, आलिमसुद्धा आपखुशीने उतरले, कारण जो लढला नाही तो मर्दच नव्हे, असे होऊन बसले. (मर्दुमकीचे हे माप अजून मोडीत निघालेले नाही, ते असो.)

हे लोण दख्खनभर गेले. पुढे विजापूरच्या बाजारात फरिश्त्याने स्वतः पाहिले : एका बाजूला दोन सय्यद भाऊ, दुसरीकडे तीन दख्खनी भाऊ, सगळे पांढऱ्या दाढीचे, दरबारात ओळख असलेले. वाद क्षुल्लक. आधी एका सय्यदाचा वीस वर्षांचा मुलगा पडला, मग बाप, मग चुलता. ते तिघे दख्खनीही जखमांनी गेले. थोड्या वेळात तीन घरे बसली.

अहमद निजामशाहाची कबर नगरच्या बागरोजात आहे.