नांव नसलेलीं स्मशानें

घराण्याची वंशावळ जुळवूं लागलेला मनुष्य दोन-तीन पिढ्यांपर्यंत सुखानें मागें जातो. पुढें पणजोबांचें नांव ठाऊक असतें, गांवहि ठाऊक असतें. परंतु मृत्यूचें साल विचारलें कीं घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्यहि गप्प बसतो. दहनाची चाल असलेल्या घराण्यांस अशा वेळीं त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. ज्यांच्यांत दफनाची चाल आहे, त्यांची वही म्हणजे जमीनच. आणि ही वही कोठें ठेवली आहे, हेंच पुष्कळदां सांपडत नाहीं.

ठाण्याच्या उत्तरेस उल्हास नदीच्या खाडीकांठीं वसलेलें कोलशेत घ्या. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या क्रमपद्धतींत या भागाच्या पत्रकास ४७ ए हा क्रमांक आहे. त्यांत ७२ ते ७३ रेखांश व १९ ते २० अक्षांश यांमधील प्रदेश येतो. कोलशेत ७३ व्या रेखांशाच्या अगदीं लगत असल्यामुळें शोधकास शेजारचें ४७ ई हेंहि पत्रक उघडावें लागतें. देऊळ, मशीद, ख्रिस्तमंदिर, ईदगाह, कबरी यांस या नकाशांत निरनिराळ्या खुणा आहेत. परंतु कबरींची खूण तेथें कबरी आहेत एवढेंच सांगते. त्या कोणाच्या, हें सांगत नाहीं. शिवाय इंचास मैल या प्रमाणावर एक एकर जमीन एका मिलिमीटरच्या चौकटींत मावते. खेड्यांतील लहानशा दफनभूमीस तेथें जागा न मिळाली तर त्यांत नवल नाहीं.

म्हणून खरा शोध गांवनकाशावर घ्यावा लागतो. इंदापूर तालुक्यांत १८३६ च्या सुमारास सुरू झालेली मुंबई इलाख्याची मोजणी ३३ फुटी साखळीनें झाली. एका साखळीचा चौरस तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. या मोजणीनें प्रत्येक शेतास नंबर मिळाला. मात्र "कबरस्तान" हा शब्द कागदांत हुडकीत बसणारा मनुष्य बहुधा निराश होतो. ज्या जमिनीवर आकार बसत नाहीं, ती खराब्यांत दाखवितात. दफनाची व दहनाची जागा पोटखराब्याच्या "ब" वर्गांत मोडते. तेथें पीक येत नाहीं असा त्याचा अर्थ नव्हे. सरकार तेथून सारा घेत नाहीं, एवढाच. लोकांच्या तोंडीं तिचें नांव "मसणवट". सारा गोळा करण्यासाठीं लिहिलेल्या कागदांनीं मृतांची जागा जपून ठेवावी, हा योगायोग मोठा चमत्कारिक खरा.

जागा सांपडली तरी ती कोणाची, हा प्रश्न उरतोच. इंग्रजांच्या बाबतींत तो सोपा आहे. ठाण्याच्या सेंट जेम्स ख्रिस्तमंदिराची प्रतिष्ठा १८२५ सालीं बिशप हीबर यांनीं केली. इलाख्यांतील दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. १७०९ पासूनच्या त्या नकला आज ब्रिटिश ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. मात्र तेथें ठाणें हा शब्द "टॅना" असा शोधावा लागतो.

बेने इस्राएल लोकांचें उदाहरण याहून उद्बोधक आहे. ठाण्यांत त्यांचें "शाआर हाशामाईम" हें प्रार्थनामंदिर १८७९ सालचें. यांचीं घराणीं मूळचीं कुलाबा जिल्ह्यांतलीं, म्हणजे आजच्या रायगडांतलीं. आणि त्यांचीं आडनांवें म्हणजेच नकाशा. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगांवचे नवगांवकर. ठाण्याच्या थडग्यावर असें आडनांव वाचलें कीं पुढचा रस्ता थेट त्या गांवच्या दफनभूमीकडे जातो. अलिबागेजवळच्या नवगांवीं तर परंपरेनें मूळ पूर्वजच दाखविले जातात. जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि बुडालेल्यांस तेथें पुरुषांच्या व स्त्रियांच्या अशा दोन निराळ्या ढिगांखालीं पुरलें, अशी आख्यायिका आहे. त्या ढिगांवर नांव नव्हतें, लेख नव्हता. तरी एका संपूर्ण समाजास आपली जागा ठाऊक होती. हयीम सॅम्युएल किहीमकर यांनीं या समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहून ठेवला. तो छापून निघावयास १९३७ साल उजाडलें. समाजानें सांगितलेलें कोणी लिहून ठेवलें नसतें, तर नवगांवचें माळरान शोधकास काय सांगणार होतें?

कोलशेतची अडचण निराळी व अधिक निकडीची आहे. १९८२ सालीं ठाणें महानगरपालिका झाली. आज कोलशेत त्याच महानगराचा भाग असून पूर्वीच्या भातखाचरांच्या जागीं मोठमोठ्या वसाहती उभ्या आहेत. नगरभूमापन झालें कीं सात-बाराऐवजीं मिळकतपत्रिका येते आणि जुना नंबर बदलतो. तो नंबर हरवला तर खराब्याची ती चार-सहा गुंठे कोणत्या भिंतीआड गेलीं हें सांगणें कठीण होतें. तेव्हां जुना गांवनकाशा मिळवून तो आजच्या उपग्रहचित्रावर बसवावा. खाडीचें वळण, गांवठाण, जुनी विहीर व देऊळ या न हलणाऱ्या खुणा आधीं जुळवाव्या. मग गांवांतील जुन्या घरीं जाऊन पूर्वजाचें नांव न विचारतां, मसणवटीकडे जाणारी वाट पूर्वीं कोणाच्या शेतांतून जात असे, तें विचारावें.