४२.३४ मीटर आणि रेडिओच्या पोटातले आकडे

मंडळी, घनसावंगीत व्याख्यान म्हटलं की विषय जांब समर्थाकडे वळणार, हे ठरलेलंच असतं. आज आम्ही तुम्हाला रेडिओच्या पोटात नेणार आहोत. हौशी बिनतारीवाले, म्हणजे हॅम मंडळी, त्यांच्या ट्रान्सीव्हरमध्ये काही आकडे असे असतात की ते मालकालाही सहजासहजी दिसत नाहीत. ते कुणी ठरवले, कुठे लपवले आणि त्यांना हात लावायचा अधिकार कुणाचा, याला एक इतिहास आहे.

सुरुवात १९४२ पासून करू. तेव्हा हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता, आणि मुंबईत ‘चले जाव’ सुरू झालं होतं. २७ ऑगस्टला उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. यंत्र बांधलं होतं नरीमन प्रिंटर या तंत्रज्ञाने. महायुद्ध सुरू झाल्याबरोबर सरकारने हौशी मंडळींचे परवाने काढून घेतले होते, त्यामुळे असं यंत्र नुसतं जवळ बाळगणंही जोखमीचं होतं. हा रेडिओ ‘हिंदुस्थानात कुठूनतरी’ बोलत असे. जागा सांगायची नाही, पण तरंगलांबी मात्र सांगायची: ४२.३४ मीटर.

आता हा आकडा जरा नीट बघा. प्रकाशाच्या वेगाला त्याने भागलं की सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. आज हॅम मंडळी ज्याला ‘चाळीस मीटर’चा पट्टा म्हणतात, त्याच्या आतच हे येतं. आणि दशांशानंतरचा तो दुसरा अंक! ०.०१ मीटर इकडेतिकडे झालं तरी जवळपास १.७ किलोहर्ट्झचा फरक पडतो. घरातल्या रेडिओच्या काचेवरच्या पट्टीवर एवढं बारीक वाचता येत नसे, ऐकणारा काटा हळूहळू फिरवत शोधायचा. पण बोलणाऱ्याचं यंत्र जागेवरून सरकत राहिलं, तर शोधणाऱ्याने शोधायचं कुठे? जागा लपवायची तर आकडा पक्का ठेवायला हवा, असं ते गणित होतं. पकडले गेले तेही आकड्यामुळे नाही. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने वाट दाखवली. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेख वाडीत प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

मग आकडा पक्का आहे हे त्या काळी कळायचं कसं? याचं सगळ्यात सुंदर उत्तर आम्हाला एका लष्करी यंत्रात दिसतं. अमेरिकन सैन्याचा बीसी-२२१ हा फ्रिक्वेन्सी मीटर. महायुद्ध संपल्यावर लष्करी भंगार बाजारात आलं. मुंबईच्या चोरबाजारातून आणि लॅमिंग्टन रोडवरून आपल्या हौशी लोकांनी पुढची कित्येक वर्षं त्यावरच दिवस काढले. या बीसी-२२१ सोबत एक वही असायची. चकतीवर अमुक आकडा आला तर फ्रिक्वेन्सी अमुक, अशी पानंच्या पानं भरलेली. गंमत अशी की प्रत्येक यंत्राची वही वेगळी. यंत्रावरचा क्रमांक आणि वहीवरचा क्रमांक जुळला नाही तर त्या वहीचा काडीचा उपयोग नाही. वही हरवली की चांगलं चालू यंत्रही आंधळं. मात्र वही जवळ असेल तर सगळं मालकाच्या डोळ्यांसमोर असे. त्यात झाकलेलं काही नव्हतं.

पुढच्या पिढीतल्या यंत्रांत ही वही गेली आणि तिच्या जागी ट्रिमर आले: आत, पत्र्याच्या झाकणाखाली, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे. त्या काळात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं एटीए हे केंद्र ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर सेकंदाचे ठोके देत असे. कितीतरी यंत्रं त्यावर लावली गेली.

आणि मग संगणकाचं युग. यासू कंपनीचा छोटा एफटी-८१७ घ्या. ए, बी आणि सी ही तीन बटणं एकदम दाबून ठेवून पॉवर द्या, की एक वेगळाच मेनू उघडतो. कुठल्या बँडवर किती शक्ती जावी, मीटरचा काटा कुठे उभा राहावा, रिसीव्हर किती तीक्ष्ण असावा, हे सगळं तिथे असतं. कारखान्यात प्रत्येक नगावर मोजून हे आकडे स्मृतीत लिहिलेले असतात. म्हणजे बघा, बीसी-२२१ची वहीच ही! फक्त ती आता चिपमध्ये आहे आणि मालकाच्या हातात दिलेली नाही. म्हणूनच मित्राच्या सेटमधले आकडे आपल्या सेटमध्ये भरणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून गाडी चालवणं. या मेनूत शिरायचंच असेल तर आधी जुना प्रत्येक आकडा कागदावर उतरवून घ्यावा. बहुतेक लोक इथेच आळस करतात.

कंपन्या हे लपवतात त्याला आमच्या मते अर्धं कारण रास्त आहे. शक्तीचा आकडा उगाच वाढवला तर शेवटचे ट्रान्झिस्टर जळतात. उरलेलं अर्धं कारण मात्र एवढंच की मालकावर विश्वास नाही. (परवान्याबाहेरच्या पट्ट्यात बोलता यावं म्हणून आतल्या जोडण्या बदलणारे असतात, तो कॅलिब्रेशनचा प्रश्नच नव्हे, तो नियमभंग आहे.)

पण फ्रिक्वेन्सीचं तसं नाही, ती मालकाला तपासता आलीच पाहिजे. क्रिस्टल तापमानाने सरकतो. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत सेट ठेवला आणि डिसेंबरच्या पहाटे तोच लावला, तर तो एकाच जागी बसेल असं नाही. तपासणी सोपी आहे. सेट अर्धा तास तापू द्या. एटीए आता हवेत नाही, पण चीनचं बीपीएम १० मेगाहर्ट्झवर आपल्याकडे ऐकू येतं. अप्पर साइडबँडवर ९.९९९ लावा. सूर बरोबर १००० हर्ट्झचा यायला हवा. मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजता येतो. १०१० आला तर तुमचा सेट दहा हर्ट्झ खाली आहे, म्हणजे दहा लाखांत एक. चाळीस मीटरवर हे सात हर्ट्झ, कुणाला कळणारही नाही. तीच चूक १४५ मेगाहर्ट्झवर १४५ हर्ट्झ होते, आणि साइडबँडवर माणसाचा आवाज नाकातून येऊ लागतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा आपल्या मराठवाड्यात हॅम मंडळी आपापले सेट घेऊन आली होती. अशा वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा जण ऐकत असतात. त्यातला एकजण दीडदोनशे हर्ट्झ बाजूला असेल तर दर वेळी कुणीतरी नॉब हलवतो, मग दुसराही हलवतो, आणि औषधाचं नाव तीनदा विचारावं लागतं.

२०१६ साली आलेल्या आयकॉमच्या आयसी-७३०० मध्ये फ्रिक्वेन्सीची ही दुरुस्ती साध्या, उघड्या मेनूत ठेवली आहे. तीन बटणांची कसरत नाही. शक्तीचे आकडे अजूनही झाकलेलेच आहेत, आणि ते तसेच राहिले तर आमची तक्रार नाही.