मध्यप्रांताचा मतदार व द्विदल राज्यपद्धति

सामान्य मतदारास राज्यकारभारांतील गुंतागुंतीचे प्रश्न कळतात कीं नाहीं, हा वाद बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच घातला जातो. त्याचा एक प्रत्यक्ष दाखला नागपुरास सांपडतो, तो येथें आम्ही तपासून पाहत आहों.

१९१९ च्या कायद्यानें आलेली द्विदल राज्यपद्धति समजण्यास सोपी खास नव्हती. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य हीं सोंपीव खातीं मंत्र्यांकडे. पोलीस, जमीनमहसूल व तिजोरी हीं राखीव खातीं गव्हर्नर व त्यांचें कार्यकारी मंडळ यांच्या हातीं. १९२० च्या डिसेंबरांत नागपुरासच भरलेल्या काँग्रेसनें असहकारितेवर शिक्कामोर्तब केलें होतें. तीन वर्षांनीं, १९२३ च्या निवडणुकींत, स्वराज्य पक्षानें मतदारांस सांगितलें कीं, आम्हांस कौन्सिलांत पाठवा, पण तें चालविण्यासाठीं नव्हे, अडविण्यासाठीं. मतदारांनीं त्या पक्षास स्पष्ट बहुमत दिलें. डॉ. मुंजे प्रभृति मंडळी कौन्सिलांत गेली, आणि मार्च १९२४ मध्यें अंदाजपत्रकांतील मागण्या फेटाळून मंत्र्यांचा पगार सालीना दोन रुपये ठरविण्यांत आला. (पगार मुळींच नाकारण्यापेक्षां हे दोन रुपये अधिक झोंबले असावेत.) अखेर सोंपीव खातींहि गव्हर्नरांसच हातीं घ्यावीं लागलीं.

मतदारांनीं प्रश्न जाणला नाहीं, टिळकांच्या अनुयायांस मान दिला इतकेंच, असें कोणी म्हणेल. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. कायद्याचीं कलमें वाचलेला मतदार विरळाच असणार. परंतु ज्याच्याकडे शाळा सोंपविली त्याच्या हातीं पैसा आहे काय, एवढें कळलें तरी काम भागत होतें. आणि हें कळण्यास प्रपंच चालविण्याचा अनुभव पुरेसा आहे. पुढें १९२५ त श्रीपाद बळवंत तांबे यांनीं कार्यकारी मंडळांतील जागा पत्करली, पक्ष फुटला, व प्रतियोगी सहकारितेचें धोरण निघालें. १९२६ त स्वराज्य पक्षाचें पूर्वीचें बहुमत राहिलें नाहीं. तथापि मुंजे स्वतःच नव्या धोरणाचे पुरस्कर्ते झाले होते. तेव्हां या पालटांत विचार किती व व्यक्तिनिष्ठा किती, हें निवडून सांगणें कठीण आहे.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. हे मतदार 'सामान्य' होते काय? मताचा हक्क मुख्यतः मालमत्ता व सारा यांवर बेतलेला. स्त्रियांस या प्रांतांत १९२३ त मत नव्हतें. गिरणींत राबणारा वा दुसऱ्याच्या शेतावर खपणारा अस्पृश्य बहुतेक बाहेरच. डॉ. आंबेडकरांनीं १९१९ त साऊथबरो कमिटीपुढें प्रतिपादिलें होतें कीं, मत देणें हेंच राजकीय शिक्षण होय; समज आल्यावर मत देऊं, हा क्रम त्यांस मान्य नव्हता. सरसकट प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक १९५१-५२ त झाली. पुढें १९६२ त त्याच विस्तृत मतदारसंघानें, काँग्रेसचा देशभर जोर असतां, स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते बापूजी अणे यांस नागपुरांतून लोकसभेवर पाठविलें. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत प्रतियोगी सहकारितेचा पक्ष घेणारे अणे ते हेच.