सात पाऊणे सव्वापाच

पंतोजींच्या जुन्या मराठी शाळेत विषय मोजकेच. धूळपाटीवर गिरवलेली अक्षरं, मोडी वाचन आणि पाढे. त्यातही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात या अपूर्णांकांची परीक्षा बाजारातच होई. पाऊण रुपयाने सात पायल्या? ‘सात पाऊणे सव्वापाच’ म्हणणारं पोर दौत-टाक शोधत बसत नसे. वाणिज्य हा विषय तेव्हा वेगळा नव्हताच, तो पाढ्यांतच मुरलेला होता.

मग नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि 1861 साली मध्य प्रांत आकाराला आला. सरकारी शाळांमधून भूगोल, इतिहास असे वेगळे विषय मुलांपुढे आले.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा इतिहास मात्र बराच काळ मातीखालीच राहिला. जगन्नाथ टेकडीवरचा बौद्ध स्तूप 1969-70च्या उत्खननात उघडा पडला. तिथल्या एका शिल्पात फणा काढलेला नाग आहे आणि ब्राह्मीत त्याचं नाव: मुचलिंद. शाळेच्या फळ्यावर चित्राखाली नाव लिहावं, अगदी तसं.

विज्ञानासाठीही फार लांब जायला नको. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं काळं मँगनीज बॅटरीच्या सेलात लागतं.