शिलाईचे पूरक साहित्य

शिलाईचे पूरक साहित्य म्हणजे तयार वस्त्रात मुख्य कापडाखेरीज वापरले जाणारे घटक होत. दोरा, अस्तर, कॅनव्हास, बकरम, फ्युजिंग, बटण, हूक, चेन, इलॅस्टिक, नाडी, गोट, लेस, साडीचा फॉल आणि लेबल यांचा त्यात समावेश होतो. यांपैकी काही घटक शोभेसाठी असले, तरी बहुतेकांचे काम वस्त्राला आकार देणे, ताण पेलणे आणि ते अंगावर घट्ट धरून ठेवणे हे असते. कॉलर, कंबरपट्टा, काज आणि शिवण या जागांवर वापरात सर्वाधिक ताण पडतो. त्यामुळे मुख्य कापड चांगले असूनही पूरक साहित्य त्याच्याशी जुळणारे नसल्यास वस्त्र लवकर निरुपयोगी होते. मुंबई उपनगरातील साकीनाका व त्यालगतच्या वस्त्यांमधील लहान गाळ्यांत शिलाईची आणि तिच्याशी संबंधित कामे मोठ्या प्रमाणावर चालतात.

शब्दव्युत्पत्ती

मराठी शिंपीकामाची परिभाषा अनेक भाषांच्या संपर्कातून घडली आहे. 'अस्तर' आणि 'नेफा' हे शब्द फारसीतून आले आहेत. 'काज' हा शब्द पोर्तुगीज 'काझा' या शब्दापासून आला असून त्या भाषेत त्याचे घर व बटणाचे छिद्र असे दोन्ही अर्थ होतात. 'बटण' आणि 'बकरम' हे शब्द इंग्रजीतून आले. बटणासाठी 'गुंडी' हा जुना शब्दही प्रचलित आहे. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला मराठी शिंपी 'माया' म्हणतात, तर कापडाच्या तिरक्या दिशेला 'उरेप' असे म्हटले जाते.

इतिहास

महाराष्ट्रातील अनेक पारंपरिक वस्त्रांत बटणांऐवजी बंद किंवा गाठ यांचा वापर होत असे. बाराबंदी या अंगरख्याचे नाव त्याला असलेल्या बंदांवरून पडले आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज वाहणारे भाविक आजही पांढरी बाराबंदी परिधान करतात. खणाची पारंपरिक चोळीही पुढील बाजूस गाठ मारून बांधली जात असे.

शिलाई यंत्रांच्या प्रसारानंतर पूरक साहित्याचे स्वरूप बदलले. इलियास होव यांना १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये अमेरिकेत शिलाई यंत्राचे पेटंट मिळाले. यंत्राच्या वेगाला एकसारख्या जाडीचा, मजबूत पिळाचा दोरा आवश्यक ठरला. चेनचा पूर्वावतार व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये नोंदवला, तर आज वापरात असलेल्या दातेरी चेनचे पेटंट गिडियन सुंडबॅक यांना १९१७ मध्ये मिळाले. स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९५० च्या दशकात वेल्क्रोचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उष्णतेने चिकटणारे फ्युजिंग प्रचारात आले आणि तयार कपड्यांच्या उद्योगात कॅनव्हास हाताने टाचण्याचे काम मोठ्या प्रमाणावर कमी झाले.

प्रमुख प्रकार

दोरा : सुती, पॉलिएस्टर आणि पॉलिएस्टरच्या गाभ्यावर सुती आवरण असलेला असे दोऱ्याचे प्रमुख प्रकार आहेत. १,००० मीटर दोऱ्याच्या ग्रॅममधील वजनास 'टेक्स' म्हणतात. टेक्स जितका अधिक, तितका दोरा जाड. शिवण कापडापेक्षा किंचित कमी मजबूत असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. जास्त ताण आल्यास शिवण उसवते व ती पुन्हा घालता येते. दोरा कापडापेक्षा फार मजबूत असल्यास मात्र कापडच फाटते. शिवल्यानंतर रंगवायच्या सुती कपड्यांसाठी सुती दोरा वापरतात, कारण सुती कापडाचा रंग पॉलिएस्टर दोरा धरत नाही आणि टीप वेगळी दिसू लागते.

अस्तर : मुख्य कापडाच्या आतल्या बाजूने लावलेल्या कापडास अस्तर म्हणतात. ते शिवणी झाकते, पारदर्शकता कमी करते, घाम शोषते आणि वरच्या कापडावरील ताण वाटून घेते. ब्लाउजसाठी बहुधा सुती, तर कोटासाठी गुळगुळीत अस्तर निवडतात, जेणेकरून कोट घालताना बाही अडकत नाही. कोटाच्या पाठीवरील अस्तरात मध्यभागी एक चुणी सैल ठेवलेली असते. हात पुढे नेताना ती उलगडते व अस्तर फाटत नाही.

कॅनव्हास, बकरम आणि फ्युजिंग : कॉलर, कफ, काजपट्टी आणि कंबरपट्टा यांना ताठपणा देण्यासाठी कापडाच्या दोन थरांमध्ये हे साहित्य घालतात. उत्तम प्रतीच्या कोटात लोकर व घोड्याचे केस यांनी विणलेले कॅनव्हास हाताने टाचले जाते. खळ किंवा डिंक लावून कडक केलेल्या कापडास बकरम म्हणतात. फ्युजिंगच्या एका बाजूस वितळणाऱ्या पदार्थाचे बारीक ठिपके असतात. ते चिकटवताना तापमान, दाब आणि वेळ या तीन गोष्टी अचूक असाव्या लागतात. उष्णता कमी पडल्यास पहिल्या काही धुण्यांतच कॉलरवर फुगे येतात. ती अधिक झाल्यास वितळलेला पदार्थ कापडाच्या वरच्या बाजूस उमटतो. वारंवार धुतल्या जाणाऱ्या शर्टांसाठी पॉलिएथिलीनचे, तर ड्रायक्लीन करायच्या कपड्यांसाठी पॉलिअमाइडचे ठिपके असलेले फ्युजिंग प्रामुख्याने वापरतात.

बटण आणि काज : शिंपला, शिंग, लाकूड, नारळाची करवंटी, धातू, नायलॉन आणि पॉलिएस्टर यांपासून बटणे बनतात. बटणाचा व्यास 'लाइन' या एककात मोजतात; ४० लाइन म्हणजे १ इंच. १८ लाइनचे बटण सुमारे ११.४ मिलिमीटर व्यासाचे असते. काजाची लांबी बटणाचा व्यास अधिक त्याची जाडी इतकी ठेवतात. जाड कापडावर बटण लावताना दोऱ्याची मान ठेवली नाही, तर बटण लावल्यावर काजाभोवतीचे कापड ओढले जाते. पुरुषांच्या शर्टात बटणे परिधान करणाऱ्याच्या उजव्या बाजूस, तर स्त्रियांच्या शर्टात डाव्या बाजूस असण्याची प्रथा आहे.

कडा व पट्ट्या : गळा आणि मुंढा यांसारख्या गोलाईच्या कडांना उरेप पट्टी लावतात, कारण तिरके कापलेले कापड ताणले जाते व वळणावर चुण्या न पडता बसते. साडीच्या खालच्या काठास आतून लावलेल्या पट्टीला फॉल म्हणतात. तो निऱ्यांना वजन देतो आणि पायाच्या घर्षणापासून काठाचे रक्षण करतो. उघड्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून पिको किंवा ओव्हरलॉक करतात.

साहित्याचा मेळ

पूरक साहित्याची निवड करताना धुतल्यावर ते किती आटते, ही बाब विशेष महत्त्वाची असते. सुती अस्तर ४ टक्के आटले आणि वरचे कृत्रिम धाग्याचे कापड आटले नाही, तर ४० सेंटिमीटर उंचीच्या ब्लाउजमध्ये दोन्ही थरांत १.६ सेंटिमीटरचा फरक पडतो. मग वरच्या कापडाला झोळ येतो व ब्लाउज आतून आखडतो. हा दोष शिवून झाल्यावर केवळ इस्त्रीने दूर होत नाही. शिवण उसवावी लागते आणि त्यासाठी पुरेशी माया असावी लागते. या कारणाने अस्तर व फॉल बेतण्याआधी किंवा लावण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करण्याची पद्धत आहे. वजन, रंगाचा पक्केपणा आणि इस्त्रीचे तापमान यांबाबतही असाच मेळ पाहावा लागतो. पक्क्या रंगाच्या कापडाला कच्च्या रंगाची लेस लावल्यास पहिल्याच धुण्यात संपूर्ण वस्त्र डागाळू शकते.

साकीनाका परिसरातील काम

साकीनाका हा अंधेरी पूर्वेतील अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील नाका आहे. मुंबई मेट्रोच्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गावरील येथील स्थानक ८ जून २०१४ रोजी सुरू झाले. खैरानी रस्ता, काजूपाडा, जरीमरी आणि सफेद पूल या भागांत लहान उद्योगांचे गाळे दाटीने आहेत. जरीमरीतील शिलाई गाळे व तेथील कामगारांच्या जीवनावर सुरभी शर्मा यांनी 'जरीमरी : ऑफ क्लॉथ अँड अदर स्टोरीज' (२००१) हा माहितीपट दिग्दर्शित केला आहे.

अशा गाळ्यांत काम बहुधा 'जॉबवर्क' पद्धतीने चालते. व्यापारी किंवा ठेकेदार कापड व साहित्य देतो आणि गाळाधारक नगावर मजुरी घेऊन माल तयार करतो. बेतणे, शिवणे, ओव्हरलॉक, काज-बटण, धागे कापणे, तपासणी, इस्त्री आणि पॅकिंग ही कामे स्वतंत्रपणे विभागलेली असतात. काज-बटणासाठी वेगळी यंत्रे लागत असल्याने केवळ हेच काम करणारे गाळे असतात. धागे कापणे, हूक लावणे, टिकल्या टाकणे यांसारखी कामे स्त्रिया अनेकदा घरी नेऊन करतात.

या व्यवस्थेत साहित्याची निवड एकाकडे, तर शिलाईची जबाबदारी दुसऱ्याकडे असते. आटणारे अस्तर किंवा न टिकणारे फ्युजिंग पुरवले गेले, तरी दोष शिवलेल्या नगात दिसून येतो. मजुरी तासावर नसून नगावर असल्यास उसवून पुन्हा शिवण्यात गेलेला वेळ कारागिराच्या अंगावर पडतो. त्यामुळे माल हाती घेण्यापूर्वी एक नमुना शिवून, धुऊन पाहणे आणि साहित्य कोणी पुरवले याची नोंद ठेवणे हे कारागिराच्याही हिताचे ठरते. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणांसाठी १० कामगारांची मूळ मर्यादा होती. त्याहून लहान गाळे आणि घरी काम करणाऱ्या स्त्रिया सर्वसाधारणपणे या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिल्या.

सुरक्षितता

पूरक साहित्याचा वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेशीही संबंध येतो. गळ्याजवळची नाडी झोपाळा, घसरगुंडी किंवा वाहनाच्या दारात अडकून लहान मुलांचा गळा आवळला जाऊ शकतो. म्हणून युरोपीय मानक ईएन १४६८२ नुसार ७ वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत टोपी व गळ्याच्या भागात नाडी ठेवता येत नाही. सैल लावलेले बटण तुटून मुलाच्या तोंडात जाण्याचा धोका असतो, त्यामुळे निर्यातीच्या मालात बटण ओढून तपासले जाते. धातूची बटणे, रिव्हेट व चेन यांतील निकेलमुळे काहींना त्वचेची ॲलर्जी होते. त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात येणाऱ्या अशा वस्तूंमधून सुटणाऱ्या निकेलवर युरोपीय संघाने मर्यादा घातली आहे.