पंप लागला म्हणजे संपलं का?

मंडळी, आपल्या पाचोडकडं इन्हेलरला 'पंप' म्हणतात. अन् "तिला पंप लागला" हे असं हळू आवाजात सांगतात, जणू सगळं संपलंच. पोरीला बघायला पाहुणे येणार म्हटलं की पंप आधी कपाटात जातो. म्हणून आज त्याचा इतिहास सांगतो.

या पंपाची सुरुवातच एका पोरीच्या प्रश्नानं झाली. 1955 साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या 13 वर्षांच्या मुलीला, सुझीला दमा होता. काचेच्या यंत्राचा रबरी फुगा दाबून ती औषध ओढायची. तिनं वडिलांना विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध डबीत का भरत नाही? 1956 मध्ये दर दाबाला मोजून औषध देणारा पहिला इन्हेलर बाजारात आला.

1969 ला त्यात सालब्युटामॉल आलं. आवळलेल्या श्वासनळ्या ते काही मिनिटांत मोकळ्या करतं. 1972 ला बेक्लोमेथासोन आलं. हे रोज घ्यायचं स्टेरॉइड, नळ्यांची आतली सूज कमी ठेवणारं. भारतात मुंबईच्या सिप्लानं 1976 मध्ये दम्याचे फवारे आणले.

पण गावापर्यंत यायला त्यांना बरीच वर्षं लागली. माझी आत्या रात्र-रात्र उशी मांडीवर घेऊन दारात बसायची. गोळी, इंजेक्शन, काढा सगळं झालं. मृग लागला की आपल्या भागातले लोक माशातलं औषध गिळायला हैदराबादला जायचे, तीही जाऊन आली. पंपाला मात्र "सवय लागंल" म्हणून शेवटपर्यंत नाहीच म्हणाली.

आता हिशोब बघा. सालब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची. पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीच्या 40 वा भाग. गोळी पोटातून रक्तात जाते, अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट नळीत जातो. मग जास्त 'कडक' काय, सांगा.

खरी चूक वेगळीच होते. धाप लागली की तेवढा आराम देणारा पंप ओढायचा अन् रोजचा स्टेरॉइडचा पंप बरं वाटलं की बंद करायचा. सूज आत तशीच राहते. 2019 पासून जागतिक मार्गदर्शनही सांगतं, नुसत्या आरामाच्या पंपावर दमा सोडू नका. आरामाचा पंप वारंवार लागत असेल तर डॉक्टरला दाखवा. रोजचा पंप मनानं बंद करू नका.

अन् पोरीचा पंप कपाटातून काढून तिच्या दप्तरात ठेवा. पाहुण्यांनाही सरळ सांगा.