घराची किंमत आणि कर्जाची अट



वसंतातल्या या व्याख्यानमालेत इतिहास म्हणून कर्जाच्या कागदांवर बोलावयाचे, हे काहींना विचित्र वाटेल. लढाया आणि तह सांगणारे विद्वान येथे येऊन गेले आहेत. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, मजुरीचे तक्ते आणि कोर्टाचे निकाल वाचता वाचता झाले. गरीब माणसाचे नाव तहनाम्यात सहसा नसते. गहाणखतात मात्र ते हटकून असते. म्हणून तेच कागद आम्ही आज उघडणार आहो.

निमित्त एका सभासदाचे आहे. गोंदियाच्या राईस मिलमध्ये हमाली करणारा हा गृहस्थ. शहराजवळच्या गावात वडिलांनी बांधलेले त्याचे मातीचे, कवेलूचे घर. ते पाडून पक्के बांधावे म्हणून त्याने कर्ज मागितले. बँकेचा मूल्यमापक आला, फीत लावून भिंती मोजल्या, गल्लीची रुंदी विचारली, छायाचित्रे घेतली आणि पंधरा मिनिटांत गेला. त्याची फी सभासदाने भरली. अहवाल बँकेकडे गेला, आणि ज्याच्या घराची किंमत ठरली त्याला ती कळली नाही. पुढच्या आठवड्यात अटींची यादी आली. तीस वर्षांच्या मालकीचा शोध घेऊन वकिलाचा अभिप्राय आणा, नमुना आठवर वडिलांचे नाव आहे, ते बदला, भाऊ आणि बहीण यांचे हक्कसोडपत्र नोंदवा, बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्या, विमा उतरवा. सभासद आम्हाला म्हणाला, “भाऊ, जन्मलो त्याच घरात. आता ते माझंच आहे हे कोणाले पटवून देऊ?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

जुन्या सावकाराला मूल्यमापक लागत नसे. कोणाचे बैल मेले, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या बांधीत पाणी राहते, हे त्याला ओट्यावर बसून समजे. तो वस्तूबरोबर माणसाचीही किंमत करी, आणि अडलेल्या माणसाची किंमत कमीच होते. गहाण-लहाण नावाचा एक प्रकार त्या काळी रूढ होता: मुदतीत पैसे न फेडल्यास गहाण तेच खरेदीखत समजावयाचे. यात मालाची किंमत कर्जाहून जितकी अधिक, तितका सावकाराचा लाभ मोठा. शंभर रुपयांत पाचशेची जमीन पचविण्याची ही युक्ती होती. मुंबई हायकोर्टाने १८६४ साली रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात, मुदत उलटली तरी ऋणकोला गहाण सोडविता येते, असा निर्णय दिला. पुढे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६० व्या कलमात गहाण सोडविण्याचा हक्क लिहिला गेला. निकाल पुस्तकात राहिला आणि गावात सावकाराची वही चालू राहिली, असेही पुष्कळ ठिकाणी झाले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. दख्खनचा दंगा म्हणून तो प्रसिद्ध आहे. जमावाला मुख्यतः काय हवे होते, याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. त्यांना रोखे आणि हुकूमनामे हवे होते. ते हाती आले की जाळीत. अडाणी म्हणून ज्यांना हिणविले जाई, त्या लोकांनी आपला शत्रू अचूक ओळखला होता. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा केला. रोख्यावर लिहिलेल्या रकमेच्या मागे जाऊन मूळ दिले किती आणि व्याज किती, हे तपासण्याचा अधिकार त्याने कोर्टाला दिला. पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. पावती मागणे हासुद्धा एकेकाळी लढ्याचा विषय होता, हे आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला; त्यापूर्वीचा आपला इतिहास मध्यप्रांताचा आहे. येथे रयतवारी नव्हती, मालगुजारी होती. कामठा, आमगाव यांसारख्या जमीनदाऱ्याही होत्या. इंग्रजांच्या बंदोबस्ताने मालगुजाराला गावाचा मालक केले. गावातल्या रूढी वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात लिहिल्या गेल्या. शेत कसणाऱ्या कुळाला आबादीत घरापुरती जागा मिळे. शेत नसलेला मजूर मालगुजाराच्या मर्जीने राही. अशा माणसाजवळ घर होते, पण घराचा कागद नव्हता. कुळांच्या जमिनीच्या हस्तांतरावर कायद्याने बंधने घातली, १९१६ च्या कायद्याने आदिवासी मालकांच्या जमिनीलाही संरक्षण दिले. हे संरक्षण खरे होते. पण जे विकता येत नाही त्यावर कोणी सरळ व्याजाने पैसेही देत नाही, आणि गरजू माणूस मग चिठ्ठीवर, शब्दावर, अंगमेहनतीवर कर्ज काढतो. १९३३ साली मध्यप्रांतात कर्जतडजोडीचा कायदा झाला तो यामुळेच बुडालेल्यांना सावरण्यासाठी.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली. घरे ज्यांची होती त्यांच्याकडे राहिली, जागा सरकारने त्यांच्या नावे लावावयाची होती. शेतांचे नकाशे होते. गावठाणातील घरांचे, बहुतेक गावी, नव्हते. जो नमुना आठ आपण मालकीचा पुरावा म्हणून छातीशी धरतो, ती ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी आहे. तीत नाव असले म्हणजे कर भरला हे कळते. मालकी तिने सिद्ध होत नाही. आमच्या सभासदाचे सारे दुखणे येथे होते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके देण्यास सुरुवात झाली. त्याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरीत झाला होता. सत्तर वर्षांनी का होईना, घराला कागद मिळू लागला.

शहरी सावकारीला मात्र फार पूर्वीपासून सोय होती. १८८२ च्या त्याच कायद्यात, हक्काचे मूळ कागद सावकाराच्या हाती ठेवले की गहाण पुरे, असा प्रकार आहे. तो मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारख्या ठरावीक शहरांत आणि सरकार जाहीर करील त्या गावांतच चाले. मालमत्ता कोठेही असो, कागद त्या शहरात दिले पाहिजेत. व्यापाऱ्याच्या घाईसाठी ही सोय होती. तीच आज गृहकर्जाची साधारण रीत झाली आहे.

मग आजच्या अटी वाईट काय? सरसकट नाहीत. मालकीचा शोध घेतला नाही तर ज्याने दुसऱ्याचे घर विकत घेतले तो बुडतो. किमतीच्या किती टक्के कर्ज द्यावे याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. तीस लाखांपर्यंत नव्वद टक्के, वर गेल्यास कमी. परंतु २००२ च्या सरफेसी कायद्याने, हप्ते थकले तर साठ दिवसांची नोटीस देऊन कोर्टात न जाता घराचा ताबा घेण्याचा मार्ग बँकेला मिळाला. शेतजमीन त्यातून वगळली आहे, घर नाही. लिलावातून जादा आले तर ते मालकाला परत द्यावयाचे असते. म्हणून किंमत किती ठरली हे मालकाला पहिल्या दिवशी माहीत असलेच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. आणखी एक गोष्ट पाहा. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करावेत, न केल्यास दिवसाला पाच हजार रुपये द्यावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेला २०२३ साली करावा लागला. सुप्याचा शेतकरी हेच मागत होता.

आमच्या सभासदाच्या यादीत एक अट आम्हाला सर्वांत खटकली. ती बहिणीच्या हक्कसोडपत्राची. वडिलांच्या घरातील जो वाटा मुलीला १९५६ च्या वारसा कायद्याने दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने आणखी पक्का केला, तो कर्जाच्या सोयीसाठी एका सहीने जावयाचा! सभासदालाही यात गैर वाटले नव्हते. बहीण तिरोड्याहून सही करायला निघालीच होती. आम्ही बँकेत जाऊन विचारले की, तिने हक्क न सोडता गहाणखतावर सहमालक म्हणून सही केली तर बँकेचे काय बिघडते? साहेबांनी वरिष्ठांना लिहिले. दोन महिने गेले, पावसाळा तोंडावर आला, आणि घराचे कवेलू तेवढे उतरवून ठेवलेले. उत्तर आले की चालेल. कर्ज मागितल्यापेक्षा लाखभर कमी मंजूर झाले. एक खोली पुढे बांधू असे सभासदाने ठरविले. मालमत्ता पत्रकावर आता भावांच्या नावांखाली बहिणीचेही नाव आहे.